टाळ, झांज आणि हाय-हॅट

शनिवार पेठेत शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरील नगारखाना आजही उभा आहे. १८२८ च्या आगीत आतले महाल जळाले, तो वाचला. तिथला नाद मात्र दगडविटांत टिकलेला नाही. नादाचा इतिहास शब्दांतच शोधावा लागतो, असे आम्हांस वाटते.

नौबतीत सनई-नगाऱ्यांच्या जोडीला झांज असे. मोगल नौबतखान्यातील वाद्ये सांगताना ‘ऐन-ई-अकबरी’ झांजेच्या तीन जोड्यांचा उल्लेख करते. झांजेच्या चकत्या पातळ व पसरट. त्यांचा नाद फाकतो. तिचे नावही नादानुकारी आहे, अनुनासिकाने रेंगाळणारे. भजनातला टाळ जाड व खोलगट. त्याचा नाद टोकदार. ‘टाळ’ हा शब्द ‘ताल’पासून आला. एक नाद पसरतो, दुसरा काळ मोजतो.

१९२० च्या दशकात अमेरिकन ड्रमवादकांनी अशाच दोन चकत्या पायाने चालणाऱ्या दांड्यावर बसवल्या. सुरुवातीला त्या घोट्याइतक्याच उंच होत्या. पुढे काठी पोहोचेल इतक्या वर आल्या. हाच हाय-हॅट. पाय दाबला की कोरडा, मिटलेला ठोका. सैल सोडला की फुललेला नाद. १९३० च्या दशकात काउंट बेसीच्या वाद्यवृंदातील जो जोन्स यांनी लय राखण्याचे काम मोठ्या ढोलाकडून या जोडीकडे आणले. टाळ आणि झांज तेथे एकाच पायाखाली नांदू लागले.

मराठीने मात्र त्यांना दोन नावे दिली. आपण ‘टाळ-झांज’ असे एका दमात लिहून जातो, तेव्हा कानाने शतकानुशतके जपलेला हा भेद लेखणी पुसून टाकत असते.