रीडच्या मुदतीची कुळकथा

युनिक्स या संगणकप्रणालीत फाइल, टर्मिनल किंवा जोडणीतून माहिती उचलण्यासाठी प्रोग्राम कर्नलकडे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याकडे, जी मागणी करतो तिला रीड म्हणतात, आणि तिच्यासोबत तीनच गोष्टी सांगाव्या लागतात : माहिती कोठून घ्यायची, स्मृतीत कोठे ठेवायची आणि जास्तीत जास्त किती बाइट आणायचे. किती वेळ वाट पाहायची, हे सांगायला तीत जागाच नाही. 1969 मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची उभारणी आरंभली तेव्हा ही उणीव जाणवण्याचे फारसे कारण नव्हते. डिस्क उत्तर देतेच, टर्मिनलसमोरचा माणूसही कधी ना कधी कळ दाबतोच, आणि तोवर प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, निजून राहिली तरी कोणाचे अडत नसे.

अडू लागले ते टेलिफोनच्या तारेवरून यंत्रे परस्परांशी बोलू लागल्यावर, कारण पलीकडचे यंत्र बंद पडले तर रीड अनंतकाळ निजलेली राहणार. युनिक्सच्या 1979 च्या सातव्या आवृत्तीत यावर उपाय होता तो अलार्म या सिस्टिम कॉलचा, म्हणजे कर्नलकडे करायच्या अशाच एका मागणीचा : प्रोग्रामने आधी सेकंदांत गजर लावायचा, मग रीड करायची, आणि गजर झाला की कर्नल सिग्नल, म्हणजे इशारा, पाठवून निजलेल्या प्रोसेसला हलवून उठवी व रीड अपयशी होऊन परते. उपाय चतुर होता, पण त्यात एक बारीक फट होती. गजर पाच सेकंदांचा लावला आणि रीड सुरू होण्याआधीच यंत्र इतर प्रोसेसच्या कामात पाच सेकंदांहून अधिक गुंतले, तर गजर आधीच वाजून जाई आणि त्यानंतर निजलेल्या रीडला उठवणारे कोणीच उरत नसे. ही फट बुजवण्यासाठी सिग्नल हाताळणाऱ्या भागातून थेट मागच्या ठिकाणी उडी मारण्याची, लाँगजंप नावाची, काहीशी आडदांड युक्ती वापरावी लागे.

1983 मध्ये बर्कलीहून 4.2 बीएसडी ही युनिक्सची आवृत्ती आली आणि तिने एका हाताने दिले, दुसऱ्याने काढून घेतले. सिग्नलने तुटलेली रीड तीत आपोआप पुन्हा सुरू होऊ लागली, त्यामुळे जुन्या प्रोग्रामांत गजर होऊनही वाट पाहणे संपेना; त्याच आवृत्तीने मात्र सिलेक्ट हा कॉल दिला, ज्यात अनेक जोडण्यांपैकी कोणती तयार आहे हे मुदत घालून विचारता येते. पुढे युनिक्सच्या सिस्टिम व्ही या शाखेने त्याच कामासाठी पोल आणला. एककांबाबत कोणाचा मेळ नव्हता : अलार्म सेकंदांत, सिलेक्ट मायक्रोसेकंदांपर्यंत, पोल मिलिसेकंदांत, तर टर्मिनलची स्वतःची मुदत सेकंदाच्या दशांशांत. शिवाय डिस्कवरील साधी फाइल सिलेक्टच्या लेखी सदैव तयारच असते, म्हणून तिच्या रीडवर ही मुदत चालत नाही.

अधिक खोल अडचण होती ती मुदत कशावर मोजायची ही. प्रत्येक रीडआधी तीस सेकंदांची मुदत नव्याने लावली आणि पलीकडच्याने दर 29 सेकंदांनी एकेक बाइट पाठवला, तर एकही मुदत न ओलांडता हजार बाइटांचा संदेश आठ तासांहून अधिक रेंगाळतो. कालावधीऐवजी घड्याळातील नेमका क्षण ठरवणे हा त्यावरचा मार्ग, आणि गो भाषेने 2012 च्या पहिल्या स्थिर आवृत्तीत तोच पत्करून जोडण्यांवरील सेटटाइमआउट काढून सेटडेडलाइन आणले. मात्र त्यासाठीचे घड्याळ मागे सरकवता न येणारे हवे, नाहीतर कोणी यंत्राची वेळ दुरुस्त केली की मुदतही लांबते.

2019 मध्ये युनिक्सच्या धर्तीच्या लिनक्समध्ये दाखल झालेल्या आयओ युरिंगमध्ये मागण्या रांगेत लावून कर्नलकडे सोपवल्या जातात, आणि लवकरच त्यांत रीडच्या पाठीमागे मुदतीची मागणी साखळीने जोडण्याची सोयही आली. मुदत आधी संपली तर कर्नल रीड रद्द करू पाहतो. तरीही ती मुदत रांगेतली निराळी नोंद असते, आणि साध्या रीडसोबत सांगायच्या गोष्टी आजही तीनच आहेत.