बनावट पत्रे आणि बातमीचा पुरावा

सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठाने मराठी वृत्तपत्रसृष्टीला दोन थोर संपादक दिले : कऱ्हाडनजीकच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) व सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८). दोघांनाही तुरुंगवास घडला. परंतु त्याची कारणे भिन्न होती. ‘नवाकाळ’कार खाडिलकरांना १९२९ साली झालेली शिक्षा राजद्रोहाची, म्हणजे मताबद्दलची होती, आगरकरांची पुराव्याबद्दलची. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांच्या छळाचा आरोप ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर केला. त्यास आधारभूत मानलेली पत्रे न्यायालयात बनावट ठरली, आणि १८८२ साली आगरकर व टिळक यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पुढे डिसेंबर १८८३ मध्ये तत्कालीन अहमदनगर येथे पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अंत झाला. त्यांच्याविषयीची चिंता अनाठायी नव्हती, हे यावरून दिसते. तथापि तेवढ्याने ती पत्रे खरी ठरत नाहीत. म्हणूनच शोधक वृत्तलेखनाच्या इतिहासात या तुरुंगवासाचा केवळ गौरव करणे पुरेसे नाही. हेतू शुद्ध असला तरी कागदाची छाननी चुकत नाही, हाच त्याचा बोध होय.