शर्यतीची मोटार : नमुना आणि निर्मिति

मोटारगाडी ही प्रवासाची सोय आहे, हें कोणासही सांगावें लागत नाहीं. परंतु केवळ वेगासाठीं बांधलेली मोटार आपल्याकडे इतकी दुर्मिळ कां राहिली, याचा विचार मात्र फारसा होत नाहीं. कारागिरांची उणीव हें त्याचें कारण खास नव्हे.

महाराष्ट्रांत मोटारींच्या कारखान्याचा पाया सोलापुरास जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनीं घातला. त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ सालीं स्थापन झाली व १९४७ सालीं कुर्ल्याच्या कारखान्यांतून गाड्या बाहेर पडूं लागल्या. पण पुढें कित्येक वर्षें गाड्या किती काढावयाच्या, हें सरकारी परवान्यानें ठरत असे. नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहणाऱ्या गिऱ्हाइकास गाडी मिळाली हीच धन्यता. ती किती जलद धांवते, हें तो कशाला विचारील? आणि गिऱ्हाईक जें मागत नाहीं, त्यापायीं कारखानदार पैसा ओतीत नाहीं.

१९९१ नंतर हे निर्बंध सैल झाले. टाटांच्या कंपनीनें १९९८ सालीं पुण्याच्या कारखान्यांतून इंडिका ही लहान गाडी बाजारांत आणली आणि २००० सालीं आरिया नांवाची उघड्या टपाची, दोन माणसांची नमुना गाडी प्रदर्शनांत मांडली. नमुना गाडी म्हणजे कारखान्यानें आपल्या मनांतील बेत लोकांपुढें ठेवणें होय. ती विक्रीस येईलच असें नाहीं. आरिया विक्रीस आली नाहीं.

त्यानंतरचा मोठा प्रयत्न म्हणजे रेसमो. ७ मार्च २०१७ रोजीं जिनीव्हाच्या प्रदर्शनांत ही गाडी प्रथम दिसली. तिचें इंजिन अवघें १.२ लिटरचें, तथापि त्याची शक्ति १९० अश्वशक्तीच्या घरांत होती, आणि उभ्या स्थितींतून ताशीं १०० किलोमीटरचा वेग ती सहा सेकंदांच्या आंत गांठील, असें सांगण्यांत आलें. इतक्या लहान इंजिनाकडून असें काम घ्यावयाचें, तर गाडीचें वजन कमी हवें, आणि रेसमोच्या रचनेंत तेंच धोरण होतें. पण पत्र्याच्या प्रत्येक भागासाठीं साचा लागतो. साच्यांचा खर्च लाख गाड्यांवर वांटला तर जाणवत नाहीं. हजार गाड्यांवर वांटला तर प्रत्येक गाडीची किंमत भडकते. अखेर हा बेत सोडून देण्यांत आला. रेसमो रस्त्यावर आली नाहीं. मात्र तत्पूर्वीं एका संगणकीय शर्यतीच्या खेळांत तरुणांनीं ती मनसोक्त पळविली!

मुंबईच्या महिंद्रांनीं निराळा मार्ग धरला. त्यांनीं इटलींतील पिनिनफरीना ही १९३० सालीं स्थापन झालेली जुनी पेढीच विकत घेण्याचा करार २०१५ सालीं केला. त्याच नांवाच्या नव्या कंपनीची बातिस्ता ही विजेवर चालणारी गाडी २०१९ सालीं जिनीव्हास प्रगट झाली. चार मोटारी, सुमारें १९०० अश्वशक्ति, आणि संख्या फक्त १५०. येथें भांडवल मुंबईचें, पण घडण इटलीची.

आतां रस्त्याकडे पाहूं. वेग दुप्पट झाला कीं गाडी थांबविण्यास लागणारें अंतर चौपट होतें. हा निसर्गाचा नियम आहे. वडशाहून आरमोरीमार्गें गडचिरोलीस जाणाऱ्या रस्त्यावर हंगामांत धानानें लादलेल्या बैलगाड्या असतात, आणि जंगलांतून जनावर केव्हां आडवें येईल याचा नेम नसतो. तेथें ताशीं १०० चा वेग म्हणजे शौर्य नव्हे, अविचार होय. वेगाची परीक्षा बंदिस्त धांवपट्टीवरच व्हावयास हवी. इंदूरजवळ पीथमपूर येथें ११.३ किलोमीटरची तशी धांवपट्टी २०२१ सालीं खुली झाली, ही म्हणून महत्त्वाची गोष्ट आहे.

सारांश, परवाना गेला, कसब आलें, धांवपट्टीही झाली. उणें राहिलें तें एवढेंच, कीं साच्यांचा खर्च भरून निघेल इतकें गिऱ्हाईक. तें मिळेपर्यंत आपल्या वेगवान गाड्या बहुधा प्रदर्शनांतच उभ्या राहतील.