पाककृतींची वही आणि तिच्या बदलत्या लिपी

महाराष्ट्राबाहेर पाचसहा पिढ्या काढलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत दोन प्रकारचे जुने कागद हमखास निघतात. पहिले, इनाम, वतन आणि देण्याघेण्याचे मोडी कागद. ते जपून ठेवलेले असतात, परंतु घरात कोणासही वाचता येत नाहीत. दुसरे, पाककृतींच्या वह्या. सासूने सुनेस आणि आईने लेकीस सांगून लिहवून घेतलेल्या या वह्या तेलकट आणि फाटक्या असल्या तरी वाचता येतात. पहिल्या कागदांची जी गत शंभर वर्षांत झाली, ती या वह्यांची संगणकावर चढताच अवघ्या दहा वर्षांत कशी होऊ घातली होती, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

२००१ साली बडोद्यातील आमच्या थोरल्या घरी अशा चार वह्या एकत्र करून संगणकावर उतरविल्या आणि त्यांच्या फ्लॉप्या इंदूर व हैदराबाद येथील आप्तांस धाडल्या. बडोद्यास सुबक दिसणारा हा संग्रह इंदुरास उघडला, तो पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि टिंबे यांची खिचडी दिसली. तीत आकडे तेवढे शाबूत होते. तीन आणि दोन हे वाचता येत होते; कशाचे तीन आणि कशाचे दोन, ते कळत नव्हते. हैदराबादेस भाच्याकडे मॅकिन्टॉश होता. त्याने खटपट करून त्याच नावाचा फॉन्ट मिळविला. तरीही मजकूर अर्धाच उमटला. काही मात्रा आणि जोडाक्षरे भलतीच होऊन आली.

हे असे का व्हावे, याचे उत्तर इतिहासात आहे. अमेरिकेत १९६३ साली ‘ॲस्की’ ही संकेतप्रणाली ठरली, तेव्हा तिच्यात एकंदर १२८ जागा होत्या आणि त्या रोमन लिपी, आकडे व यंत्राच्या आज्ञा यांनीच भरून गेल्या. आपल्याकडे भारतीय मानक संस्थेने १९९१ साली ‘इस्की’ हे प्रमाण प्रसिद्ध केले. सर्व भारतीय लिप्या उच्चारक्रमाने एकाच साच्यात बसविणारी ती विचारपूर्वक केलेली योजना होती. परंतु छापखान्यांना घाई निराळीच होती. त्यांना कागदावर मराठी अक्षर उमटलेले हवे होते. ती फाईल दुसऱ्या गावी कोणी उघडील, हा विचार त्या काळी कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. म्हणून फॉन्ट करणाऱ्यांनी सोपी वाट धरली. रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचा आकार बसविला. फाईलमध्ये साठविले जाई रोमन अक्षर, आणि डोळ्यांस दिसे ‘क’. फॉन्टचा पडदा दूर होताच आतले रोमन उघडे पडे. प्रत्येक विक्रेत्याची मांडणी वेगळी, हे आणखी एक दुखणे. मॅकिन्टॉशची अडचण याहून सूक्ष्म होती. १२८ च्या पुढील जागांवर विंडोज आणि मॅक यांनी निरनिराळी चिन्हे बसविली होती. फाईल एकीकडून दुसरीकडे नेताना त्यांची अदलाबदल होई, आणि आमच्या बऱ्याचशा मात्रा नेमक्या त्याच जागांवर होत्या.

आम्ही ज्याचा फॉन्ट विकत घेतला होता, त्या विक्रेत्याने संगणकाच्या मागे लावण्यासाठी एक कुलूपवजा खुंटी दिली होती. ती लावल्यावाचून लेखनच उघडत नसे. पुढे नव्या संगणकांना त्या खुंटीची खोबणीच उरली नाही. विक्रेत्याचे नाव घेण्यात आता अर्थ नाही.

छापील पुस्तकांची गोष्ट मात्र वेगळी होती. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये निघाले. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली आणि आपल्याकडच्या कित्येक मुलींच्या रुखवतातून ती गावोगाव गेली. शिशाच्या खिळ्यांनी छापलेला ‘ळ’ ग्वाल्हेरीस उघडा की बेळगावास, तो ‘ळ’च राही. संगणकाने प्रती काढणे फुकट केले, आणि ही साधी हमी मात्र काही काळ काढून घेतली.

ती परत देण्याचे काम युनिकोडने केले. त्याची पहिली आवृत्ती १९९१ सालचीच. देवनागरीस तीत १२८ स्वतंत्र जागा मिळाल्या आणि त्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतली होती. विंडोज २००० सोबत ‘मंगल’ फॉन्ट आला आणि देवनागरी सामान्य संगणकावर पोहोचली. तरी मराठीची काही येणी बाकी होतीच. ‘ॲ’ या अक्षरास स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली; तोवर ‘ॲल्युमिनियमचे पातेले’ नीट लिहिणे हा खटाटोपच होता. ‘पुऱ्या’ या शब्दातील आपला तो खास अर्धा र हिंदीच्या सवयीने टंकणाऱ्यांकडून आजही ‘पुर्या’ होऊन येतो. आणि जिला आम्ही वर मृत ठरवून मोकळे झालो, त्या मोडीसही २०१४ साली युनिकोडमध्ये घर मिळाले.

जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तके आहेत. आम्हीही २००९ च्या सुमारास त्यांपैकी एकाचा आश्रय केला. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकावी लागे आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडात क्रम याच्या नेमका उलट. परिवर्तकाने वेलांट्या सांभाळल्या, रफार सांभाळला नाही. त्यामुळे ‘अर्धी वाटी’ सर्वत्र ‘अधीर् वाटी’ झाली. ही अधीर वाटी घरात अजून चेष्टेचा विषय आहे. एवढे निस्तरून धाकट्या पुतण्याने आपल्या लिनक्सवरून शुद्ध प्रत पाठविली, तर ती आमच्या विंडोजवरील नोटपॅडमध्ये उघडताच साहित्य, कृती, टीप असे सारे एकाच सलग ओळीत आले. ओळ संपल्याची खूण लिनक्स एका चिन्हाने करतो, विंडोज दोन चिन्हांनी. जुना मॅक तिसरेच चिन्ह वापरी. जुन्या टेलिप्रिंटरचा गाडा मागे नेणे आणि कागद वर सरकविणे या दोन हालचालींची ही वंशपरंपरा. नोटपॅडला लिनक्सची खूण समजू लागली, ती २०१८ साली.

असो. हे सारे दुरुस्त होण्याजोगे होते. खरे नुकसान आम्हांस फार उशिरा दिसले. मधल्या काळात चार वह्यांपैकी तिसरी वाळवीने खाल्ली आणि तिच्यातील पाककृतींना फाईल हाच एकमेव आधार उरला. त्यातील अनारसे हैदराबादेस दर दिवाळीला तुपात पडताच हसत. दोष तांदळास दिला, तुपास दिला, तेथील हवेसही दिला. अखेर सत्याऐंशी वर्षांच्या आत्याबाईंस आम्ही तो मजकूर वाचून दाखविला : तांदूळ १ शेर, गूळ १ शेर. त्या म्हणाल्या, “अरे, बरोबरीचा गूळ घातल्यावर हसेल नाही तर काय! आईच्या वहीत एकापुढे काठ्या होत्या.”

जुन्या हिशेबी रीतीत १। म्हणजे सव्वा आणि १॥ म्हणजे दीड. टंकणाऱ्या मुलाने शाळेत ही रीत पाहिलेलीच नव्हती. त्या काठ्या पूर्णविराम समजून त्याने वगळल्या होत्या. वहीत तांदूळ दीड शेर होता आणि गूळ सव्वा शेर. ही चूक कोणत्याही फॉन्टची नव्हती आणि कोणतेही परिवर्तक तिला पकडू शकले नसते.

त्यानंतर आत्याबाईंसमोर आम्ही तिसऱ्या वहीचा सारा संग्रह ओळीने वाचला. जेथे जेथे नुसता पूर्णांक होता, तेथे त्या डोळे मिटून हातानेच माप धरून पाहत आणि मग आकडा सांगत. साटोऱ्या, चिरोटे आणि गोडा मसाला यांचे निकाल लागले. सांज्याच्या पोळ्या आणि दोन लोणची यांच्याविषयी त्यांना खात्री देता येईना. त्या तिन्हींपुढे आम्ही प्रश्नचिन्ह ठेवले आहे, आणि सुधारलेली प्रत तिन्ही गावी गेली आहे. सांज्याच्या पोळ्यांचे तीन वेगवेगळे घाणे या संक्रांतीस करून पाहावयाचे ठरले आहे. चव ओळखणाऱ्या आत्याबाईच.