कोल्हापूर मिशनचे खेडोपाडीचे दौरे

कोल्हापुरात प्रॉटेस्टंट ख्रिस्ती धर्मप्रचाराची सुरुवात 1852 साली झाली. अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड रॉयल गूल्ड वायल्डर 1846 मध्ये अहमदनगरला आले होते. तिथून ते पत्नी एलायझा यांच्यासह कोल्हापूर संस्थानाच्या राजधानीत येऊन राहिले. मिशनचे ठाणे शहरात असले तरी कामाचे क्षेत्र होते पन्हाळ्यापासून वारणा-कृष्णेच्या काठापर्यंत पसरलेली खेडी. अनोळखी माणसांना गाठून सुवार्ता सांगायची तर दौऱ्यावर निघणे भागच होते.

दौऱ्याचा हंगाम पावसावर ठरे. पावसाळ्यात गाडीवाटा चिखलाने बंद होत आणि लोक शेतीच्या कामात गुंतलेले असत. त्यामुळे दिवाळीनंतरचे थंडीचे महिने यासाठी राखून ठेवलेले असत. राहुट्या, शिधा आणि पुस्तकांच्या पेट्या बैलगाडीत घालून मंडळी निघत. गावाबाहेरच्या आमराईत मुक्काम पडे आणि तिथून आसपासची गावे पायी किंवा घोड्यावरून केली जात. गोऱ्या साहेबाबरोबर मराठी उपदेशक असे आणि दौऱ्याची खरी मदार त्याच्यावरच असे. गावची बोली, मानपान, कुणाच्या दारात उभे राहावे आणि कुणाच्या नाही, हे सारे त्याला ठाऊक असे.

प्रचारासाठी चावडी, देवळाजवळचा पार, आठवड्याचा बाजार आणि जत्रा या जागा निवडल्या जात. आधी मराठी गीत म्हणून गर्दी जमवायची, मग एखादा दृष्टान्त सांगून उपदेश करायचा आणि शेवटी पत्रके वाटायची किंवा शुभवर्तमानाची पुस्तिका पैशा-दोन पैशांना विकायची, असा क्रम असे. संपूर्ण मराठी बायबल 1847 पर्यंत छापून झाले होते, त्यामुळे वाचता येणाऱ्याच्या हाती काहीतरी ठेवता येई. ऐकणारे गप्प बसत नसत. देव एकच आहे, ज्याने त्याने आपापला धर्म पाळावा, हा युक्तिवाद उपदेशकांना गावोगाव ऐकावा लागे. बायकांपर्यंत पोहोचण्याचे काम मिशनरी स्त्रिया आणि ‘बायबलबाई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मराठी ख्रिस्ती स्त्रिया करत.

वायल्डर यांनी भारतातल्या वास्तव्यात तीन हजारांहून अधिक गावाशहरांत उपदेश केला आणि पत्रकांची तीस लाखांवर पाने वाटली, असे त्यांच्या चरित्रनोंदीत म्हटले आहे. त्या मानाने धर्मांतरे फार थोडी झाली. बाप्तिस्मा घेणाऱ्याला जात, घर आणि वतनाचा वाटा यांवर पाणी सोडावे लागण्याची भीती असे. पुढच्या काळात जी ख्रिस्ती मंडळी उभी राहिली, तिच्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतून आलेली कुटुंबे बरीच होती.

दौरा मोठा की शाळा, हा वाद याच मिशनमध्ये पेटला. मिशनची मूळ संस्था असलेल्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन 1854-55 मध्ये पाहणीसाठी आले. प्रत्यक्ष उपदेशावर भर द्यावा आणि बिगर-ख्रिस्ती मुलांच्या शाळांवरचा खर्च आवरावा, असे त्यांचे धोरण होते. वायल्डर स्वतः पट्टीचे दौरेकरी असूनही त्यांचा याला कडवा विरोध होता. 1857 मध्ये ते मायदेशी गेले आणि बोर्डाने कोल्हापूरचे काम बंद केले. मात्र 1861 मध्ये ते बोर्डाच्या मदतीशिवाय परतले आणि स्वतंत्रपणे काम करू लागले. 1870 मध्ये हे मिशन अमेरिकेच्या प्रेसबिटेरियन मंडळीकडे गेले. नंतर रत्नागिरी, पन्हाळा, सांगली, कोडोली आणि मिरज अशी ठाणी वाढली.

दौऱ्याची ही रीत कोल्हापूरहून अमेरिकेतही पोहोचली. वायल्डर यांचा मुलगा रॉबर्ट याचा जन्म 1863 मध्ये कोल्हापुरातच झाला. 1886 मध्ये अमेरिकेतील माउंट हर्मन येथे शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनकार्याची तयारी दर्शवली, त्यामागे रॉबर्टचा पुढाकार होता. पुढच्या वर्षभरात तो सोबत्यासह कॉलेजा-कॉलेजांतून फिरला आणि त्यातून विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली. त्याची बहीण ग्रेस भारतात परतली आणि इस्लामपूर भागातील खेड्यांत काम करत राहिली.

खुद्द कोल्हापूर मिशनमध्ये मात्र रॉबर्टच्या वडिलांची, म्हणजे दौऱ्यांबरोबर संस्थाही हव्यात ही बाजू काळाने उचलून धरली. मिशनचे डॉ. विल्यम वान्लेस यांच्या मिरजेच्या रुग्णालयाकडे दूरदूरचे रोगी आपण होऊन येऊ लागले. ज्यांना गाठायला पूर्वी गाडीत बसून जावे लागे, ते अनोळखी लोक आता मिशनच्या दारात येत होते. शाहू महाराजांनी वेगवेगळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली, त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही एक होते. 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाल्यावर इथली प्रेसबिटेरियन परंपरेतली मंडळी तिच्यात सामील झाली. शहरातले वायल्डर मेमोरियल चर्च आणि मिशनच्या शाळा व दवाखाने यांतून या कामाचा वारसा चालू राहिला.