तेल, तूप आणि नावांचा इतिहास

'तेल' हा शब्द संस्कृत 'तैल'पासून आला; तैल म्हणजे तिळापासून निघालेले. एका बीजाच्या स्नेहाचे नाव पुढे सगळ्याच स्नेहांना लाभले. पश्चिमेतही हेच घडले. इंग्रजीतील 'ऑइल' ऑलिव्हच्या लॅटिन नावावरून आला. मराठीने मात्र विवेक राखला. करंजाचे कडू तेल दिव्याला, तिळाचे वा भुईमुगाचे 'गोडे तेल' स्वयंपाकाला. होळकरांच्या काळी माळव्यात स्थिरावलेल्या आमच्या घराण्यांचा हा शब्द आज आमच्याच स्वयंपाकघरांतून मावळतो आहे.

रसायनशास्त्रालाही तेलात गोडवाच सापडला. अठराव्या शतकात स्वीडनच्या शेले यांना तेलातून एक गोड द्रव मिळाला. फ्रान्सच्या शेव्रल यांनी त्यास ग्रीक भाषेतील 'गोड' या शब्दावरून ग्लिसरीन म्हटले आणि १८२३च्या ग्रंथात स्नेहाची घटना उलगडली. स्नेह म्हणजे ग्लिसरीन व स्निग्धाम्ले यांचा संयोग होय. या आम्लांची नावेही घरगुतीच आहेत: लोण्यावरून ब्युटिरिक, ताडाच्या जातीवरून पामिटिक, जवसावरून लिनोलेइक.

स्टिअरिक, ओलेइक, लिनोलेइक व लिनोलेनिक या चौघांतही कार्बनचे अणू अठराच. भेद दुहेरी बंधांचा: अनुक्रमे शून्य, एक, दोन व तीन. निसर्गतः दुहेरी बंधापाशी साखळी वाकते, म्हणून तेल पातळ राहते. सरळ साखळ्या दाटीने रचल्या जातात, म्हणून तूप थिजते.

१९०२ साली जर्मनीच्या नॉर्मान यांनी तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याचे पेटंट घेतले. १९३७ साली आपल्याकडे 'डालडा' आला आणि घरोघर त्यास 'वनस्पती तूप' म्हणू लागले. अनर्थ या नावात होता. ते तूप नव्हतेच. अर्धवट हायड्रोजनीकरणात उरलेल्या काही बंधांची घडण पालटून ट्रान्स स्निग्धाम्ले बनत. ती हृदयास घातक ठरली. जानेवारी २०२२पासून भारतात खाद्यतेलांत व स्निग्ध पदार्थांत त्यांची मर्यादा दोन टक्के आहे.

आज इंदूर सोयाबीनचे केंद्र आहे. राष्ट्रीय सोयाबीन संशोधन केंद्र १९८७ साली येथेच स्थापन झाले. सोयाबीन तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेइक असते, थोडे लिनोलेनिकही. म्हणून वारंवार तापवल्यास ते लवकर बिघडते. डब्यावर 'रिफाइंड' एवढेच वाचून हे कळत नाही. तेल कोणत्या बीजाचे, हे विचारण्याची सवय पूर्वजांनी शब्दांतच घालून दिली होती. ती आम्ही पुढच्या पिढीच्या हाती द्यावयास हवी.