नाणेघाट लेखातील चोवीस हजार चारशे

चोवीस हजार चारशे (२४,४००) : पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील नाणेघाट येथील लेण्यात कोरलेल्या सातवाहनकालीन ब्राह्मी लेखात आज वाचता येणारी सर्वांत मोठी संख्या. लेख सामान्यतः पहिल्या सातकर्णीची राणी नागनिका हिचा मानला जातो. त्याचा काळ बहुतेक विद्वान इ. स. पू. पहिले शतक, तर काही दुसरे शतक धरतात. त्यात यज्ञांची आणि त्यांप्रीत्यर्थ दिलेल्या दक्षिणांची यादी आहे. गायी, घोडे, हत्ती, वस्त्रे, रुप्याची भांडी व कार्षापण नाणी यांची गणना अंकचिन्हांनी केली असल्यामुळे भारतीय संख्यालेखनाच्या इतिहासात या भिंतीस असाधारण महत्त्व आहे.

१८२८ मध्ये सायक्स याने हे लेणे पाहिले. अंकचिन्हांचा उलगडा मुख्यतः पं. भगवानलाल इंद्रजी यांनी केला आणि ब्यूलरने १८८३ मध्ये लेखाचे वाचन प्रसिद्ध केले. अग्न्याधेयाच्या दक्षिणेत गायींची संख्या ‘बारस’ अशी अक्षरांत देऊन पुढे १२ हे अंकही कोरले आहेत. वाचकाला याहून भरवशाचा पुरावा क्वचितच मिळतो.

२४,४०० कार्षापणांची दक्षिणा एका गावाच्या दानाबरोबर नोंदली आहे. ही संख्या तीन जोडचिन्हांत लिहिली आहे : हजाराच्या चिन्हास वीसचे चिन्ह जोडून २०,०००, त्याच चिन्हास चारचे जोडून ४,००० आणि शंभराच्या चिन्हास चारचे जोडून ४००. म्हणजे जोडचिन्हात गुणाकार व जोडचिन्हांमध्ये बेरीज अशी ही पद्धती होय. येथे स्थानमूल्य नाही, शून्यही नाही. वीसचे चिन्ह वर्तुळाकार असल्याने ते शून्य असल्याचा समज होऊ शकतो, पण तो सर्वस्वी चुकीचा आहे. शून्याचे चिन्ह निर्विवादपणे आढळणारा ग्वाल्हेरचा शिलालेख इ. स. ८७६ चा, म्हणजे कित्येक शतकांनंतरचा आहे.

या पद्धतीचा एक गुण मात्र लक्षणीय आहे. स्थानमूल्य पद्धतीत मधला अंक पुसला गेला, तर डावीकडील अंकांचे मूल्य डळमळते. येथे २४,४०० मधील शेवटचे चिन्ह झिजले असते, तरी २४,००० अबाधित राहिले असते. लेखाचा बराच भाग नष्ट झाला असून काही ठिकाणी यज्ञाचे नावही उरलेले नाही. संख्या तेवढी शिल्लक आहे.

गणितदृष्ट्या २४,४०० = २<sup>४</sup> × ५<sup>२</sup> × ६१ असून तिला ३० विभाजक आहेत. दोन वर्गांची बेरीज म्हणून ती तीन प्रकारे मांडता येते : १२०<sup>२</sup> + १००<sup>२</sup>, १५२<sup>२</sup> + ३६<sup>२</sup> आणि १५६<sup>२</sup> + ८<sup>२</sup>. हे गुणधर्म लेख रचणाऱ्यास अभिप्रेत होते, असे मानण्यास कोणताही आधार नाही. त्याच दक्षिणेलगत यज्ञास उपस्थित असलेल्यांना (प्रसर्पक) दिलेले ६,००१ कार्षापण नोंदले आहेत; ६,००१ = १७ × ३५३ ही फोडही केवळ योगायोग होय. परंतु शेवटचा एक योगायोगाचा दिसत नाही. गायींच्या दानांतही १,१०१ व १०,००१ अशा संख्या येतात. पूर्ण संख्येवर एक वाढवून देण्याची ही रीत महाराष्ट्रात एकशेएक रुपयांच्या दक्षिणेत अजूनही दिसते.